कॉलेजचा फुटबॉल संपल्यावर: मैदान, शिट्टी आणि बसचं गणित

कोल्हापूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहान खासगी कॉलेजात बायोलॉजी शिकते, तिसरं वर्ष संपत आलंय, कॉलेजच्या महिला फुटबॉल संघात मिडफिल्डला खेळते. आता ती फोनवर म्हणते की मला कोचिंग करायचंय आणि पुढे कधीतरी ॲथलेटिक डायरेक्टर व्हायचंय. वडिलांचं म्हणणं, एवढे पैसे घालून शेवटी पीटीची मास्तरीणच व्हायचं होतं तर इथं काय वाईट होतं? ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: यात पोट भरतं का, ही वाट असते कशी, आणि पोरीनं आत्ता काय करावं.

ताई, मी याच वाटेनं आलोय. पुण्यात शाळेत गोलकीपर होतो. इथं अमेरिकेत अशाच एका लहान कॉलेजात चार वर्षं काढली, त्यातली पावणेदोन बाकावर बसून. मग दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट (म्हणजे मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम), चार वर्षं असिस्टंट कोच, नऊ वर्षं महिला संघाचा हेड कोच, आणि आता सातवं वर्ष ॲथलेटिक खात्यात असोसिएट डायरेक्टर म्हणून. मैदानावर हल्ली जातो ते दिवे लागलेत का हे बघायला. (इथं याला सॉकर म्हणतात. वीस-पंचवीस वर्षं झाली, माझ्या तोंडात अजून बसलेलं नाही. मी फुटबॉलच म्हणणार. अंडाकृती चेंडूचा जो खेळ, त्याला अमेरिकन फुटबॉल म्हणेन.)

आधी वडिलांची शंका, कारण ती रास्त आहे आणि तिच्यात एक गैरसमजही आहे. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखाना, एक पीटी सर आणि वर्षातून एकदा इंटरकॉलेजिएट. अमेरिकेत ते स्वतंत्र खातं असतं. लहान कॉलेजातसुद्धा पंधरा-वीस संघ, त्यांचे कोच, फिजिओसारखे काम करणारे ॲथलेटिक ट्रेनर, आकडेवारी आणि बातम्या सांभाळणारे लोक, नियम बघणारे, देणग्या गोळा करणारे. मोठ्या विद्यापीठांत या एका खात्याचं वार्षिक अंदाजपत्रक दहा कोटी डॉलरच्या पुढे जातं. कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सगळ्यात वरचं नाव गव्हर्नरचं नसतं, सरकारी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोचचं असतं. या खात्याचा प्रमुख म्हणजे ॲथलेटिक डायरेक्टर, आणि तो बहुतेक ठिकाणी थेट विद्यापीठाच्या प्रेसिडेंटला जबाबदार असतो.

पण त्यांना हे विद्यापीठाच्या भाषेत सांगू नका. कोल्हापूरच्या भाषेत सांगा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच असली की अकरा पोरं मैदानात दिसतात. पण तालमीत एक माणूस असतो, जो वर्गणी गोळा करतो, जर्सी छापून आणतो, बाहेरच्या खेळाडूची राहायची सोय लावतो, पंचाशी भांडण झालं की मिटवायला जातो आणि मॅचच्या दिवशी सगळ्यांत शेवटी जेवतो. तुमच्या मुलीला ते काम पगारावर करायचंय. कोच वेगळा, तो माणूस वेगळा. मात्र लहान कॉलेजात हे दोघं पुष्कळदा एकच असतात, आणि माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

अमेरिकन कॉलेज खेळांची मुख्य संघटना एनसीएए. तिच्या तीन डिव्हिजन आहेत, शिवाय एनएआयए नावाची वेगळी संघटना आहे लहान कॉलेजांची, आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची आणखी एक. तुमच्या वर्णनावरून मुलगी डिव्हिजन ३ मध्ये असावी. ही सगळ्यात मोठी डिव्हिजन, चारशेहून जास्त कॉलेजं, आणि इथं खेळासाठी एक डॉलरची शिष्यवृत्ती देता येत नाही. मिळते ती अभ्यासाची नाहीतर घरच्या परिस्थितीवरची. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन १. म्हणून घरच्यांना वाटतं की मुलगी तिसऱ्या दर्जाच्या जागी आहे, तिथून वर कशी जाणार. खेळाडू म्हणून ते बरोबर असेल. कोच आणि प्रशासक म्हणून ते उलटं आहे.

बेकी बर्ली यांचं उदाहरण घ्या. नॉर्थ कॅरोलायनातल्या मेथॉडिस्ट कॉलेजात त्या खेळल्या, तेही डिव्हिजन ३. पदवी हातात आली आणि लगेच जॉर्जियातल्या बेरी कॉलेजात हेड कोच झाल्या. असिस्टंट नव्हे, हेड कोच, आणि तिथल्या बऱ्याच खेळाडू त्यांच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच लहान. बेरीनं १९९० आणि १९९३ साली एनएआयएचं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मग फ्लोरिडा विद्यापीठानं नवा महिला संघ काढायचं ठरवलं तेव्हा बर्लींना बोलावलं. पहिला हंगाम १९९५ चा. चौथ्या हंगामात, १९९८ साली, अंतिम सामन्यात त्यांनी नॉर्थ कॅरोलायनाला १-० नं हरवलं. हे काय होतं ते कळायला नॉर्थ कॅरोलायना म्हणजे कोण हे माहीत हवं, तिकडे येतोच. माझा मुद्दा असा की शून्यातून संघ उभा करायला फ्लोरिडानं कुणा मोठ्या संघाची असिस्टंट घेतली नाही. वयाच्या बाविशीपासून जिनं सगळं स्वतः केलं होतं, तिला घेतलं.

दुसरे बॉब ब्रॅडली. प्रिन्स्टनला खेळले, आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी ओहायो विद्यापीठात हेड कोच झाले. तिथं ते मास्टर्स करत होते आणि विषय होता स्पोर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशन! पुढे व्हर्जिनियात असिस्टंट, मग बारा वर्षं प्रिन्स्टनचे कोच, १९९८ मध्ये शिकागो फायरला पहिल्याच हंगामात एमएलएस या व्यावसायिक लीगचं विजेतेपद, २००६ ते २०११ अमेरिकेचा राष्ट्रीय संघ, नंतर इजिप्तचा राष्ट्रीय संघ आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगमध्ये स्वान्सी. ज्या अभ्यासक्रमात ते शिकले तो या विषयातला अमेरिकेतला पहिला, १९६६ साली सुरू झालेला. त्यामागची गोष्ट मला आवडते. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांनी १९५७ मध्ये एका प्राध्यापकाला पत्र लिहून विचारलं होतं की क्लब चालवायला, स्टेडियम सांभाळायला शिकलेली माणसं मिळणार कुठून? म्हणजे 'खेळ चालवणं' हा शिकायचा विषय आहे हे मालकाला आधी कळलं, विद्यापीठांना मागाहून.

आणि ब्रूस अरीना. कॉर्नेलचा गोलकीपर (गोलकीपरांची नावं मी आवर्जून घेतो). १९७८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठानं त्यांना फुटबॉलचा हेड कोच आणि लॅक्रोस या दुसऱ्याच खेळाचा असिस्टंट अशा दोन्ही कामांवर घेतलं. तेव्हा एकट्या फुटबॉलसाठी पूर्ण पगार द्यावा असं बहुतेक विद्यापीठांना वाटतच नसे. त्याच अरीनांनी पुढे व्हर्जिनियाला पाच राष्ट्रीय विजेतेपदं दिली आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत नेलं.

आता नॉर्थ कॅरोलायना. तिथले ॲन्सन डोरन्स हे अमेरिकेतल्या महिला फुटबॉलमधलं सगळ्यात मोठं नाव, आणि त्यांचा जन्म १९५१ चा, मुंबईतला! वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण देशोदेशी गेलं. नॉर्थ कॅरोलायनातच खेळले, तिथंच कायदा शिकत असताना १९७७ मध्ये पुरुष संघ हातात आला आणि १९७९ मध्ये महिला संघही. जवळजवळ दहा वर्षं दोन्ही संघ एकाच माणसाकडे. महिला संघानं त्यांच्या हाताखाली एकवीस एनसीएए विजेतेपदं मिळवली, १९९१ चा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचेही कोच तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना, ते निवृत्त झाले. मुंबईत जन्मलेला म्हणून अभिमान वाटून घ्यायचं आपल्याला फारसं कारण नाही. पण बाबांना सांगायला बरं आहे.

ही सगळी वरची नावं झाली. ताई, मला खरं सांगायचंय ते मधल्या माणसांबद्दल, कारण पोट भरण्याचा प्रश्न त्यांचा असतो.

माझं पहिलं मानधन वर्षाला नऊ हजार डॉलर होतं, मास्टर्सची फी माफ, राहायला वसतिगृहाच्या तळघरात एक खोली. पहिल्या पूर्ण नोकरीत, म्हणजे असिस्टंट कोच म्हणून, एकतीस हजार. त्यात महिला संघाबरोबर मला धुलाईची खोलीही सांभाळायची होती. दर सामन्यानंतर सगळ्या संघांच्या जर्सी धुणं, वाळवणं, नंबराप्रमाणे लावणं. गरिबी या धंद्याला नवी नाही. १९९२ मध्ये एनसीएएनं डिव्हिजन १ मधल्या काही असिस्टंट कोचांची कमाई वर्षाला १६ हजार डॉलरवर बांधून टाकली होती. हे कोच कोर्टात गेले, १९९५ मध्ये नियम रद्द झाला आणि १९९९ मध्ये ५.४५ कोटी डॉलर देऊन एनसीएएनं ते प्रकरण मिटवलं. फुकट राबणारा 'व्हॉलंटिअर कोच' हा प्रकार तर डिव्हिजन १ मध्ये २०२३ पर्यंत नियमात लिहिलेला होता. तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं ओढाताणीची जातील, हे धरूनच चाला. त्यानंतर हेड कोच म्हणून मध्यमवर्गीय शिक्षकासारखं घर चालतं, आरोग्यविमा मिळतो. अनेक कॉलेजांत नोकरदारांच्या मुलांना फी माफ असते, ती सवलत मला माझ्या पगाराहून मोठी वाटते.

मुलाखतीत जे हळू आवाजात सांगतात ते मी मोठ्यानं सांगतो. लहान खासगी कॉलेजात कोचची नोकरी निम्मी ॲडमिशनची असते. विद्यार्थी कमी होत चाललेत, कॉलेज फीवर चालतं आणि संघातली प्रत्येक मुलगी फी भरते. म्हणून डायरेक्टर हेड कोचला विचारतो, पुढच्या वर्षी रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, किती? अकरा खेळणार, पण आणायच्या अठ्ठावीस-तीस. मी वर्षाला काही शे मुलींशी फोनवर बोलायचो, त्यांतल्या आठ-नऊ यायच्या. जिंकलो का हे प्रेसिडेंट मला विमानतळावर भेटल्यावर विचारत. रोस्टरचा आकडा मात्र दर सोमवारी ईमेलनं जाई. तुमच्या मुलीला अनोळखी माणसाशी बोलायचा कंटाळा असेल तर तिनं ही वाट धरू नये, मग फुटबॉल कितीही कळो.

मैदानावरून मी ऑफिसात कसा गेलो, तेही सांगतो. तो माझा पराक्रम नव्हता, गाढवपणा होता. हेड कोच म्हणून तिसरा हंगाम. एका शुक्रवारी दुपारी माझ्या सेंटर-बॅकनं केमिस्ट्रीचा कोर्स सोडला. शनिवारी ती पूर्ण ९० मिनिटं खेळली, आम्ही २-१ जिंकलो, बसमध्ये गाणी झाली. सोमवारी रजिस्ट्रारच्या ऑफिसातून फोन आला की ही मुलगी आता नऊ क्रेडिटवर आहे. क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन; पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे बारा क्रेडिट, त्याखाली गेलं की खेळायला अपात्र, त्याच घटकेपासून. आमच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे ज्या कॉलेजांच्या गटात आम्ही खेळतो त्याच्या, नियमानं तो सामना आम्ही हरलो असं लागलं. आम्ही चौथ्याचे पाचवे झालो आणि प्लेऑफ गेला. पोरगी माझ्या ऑफिसात बसून रडत होती आणि चूक तिची नव्हतीच. कोर्स सोडण्याआधी मला विचार, हे वाक्य मी संघाला ऑगस्टमध्ये सांगायला हवं होतं. मी तेव्हा कॉर्नर किकच्या आकृत्या काढत होतो.

त्या हिवाळ्यात रजिस्ट्रारच्या बाईंशेजारी खुर्ची टाकून बसलो. कुठल्याही खेळाडूनं कोर्स सोडायचा अर्ज उघडला की अर्ज पुढे सरकायच्या आधी कोचला ईमेल जाईल, अशी सोय आम्ही केली. आधी फक्त माझ्या संघासाठी. बास्केटबॉलवाले म्हणाले आम्हालाही द्या. वर्षभरात अठराही संघ त्यात आले आणि डायरेक्टरनं नियमांचं, म्हणजे कम्प्लायन्सचं काम अर्धवेळ माझ्या गळ्यात घातलं. पगार वाढला चार हजारांनी. पुढची सहा वर्षं मी कोच होतो आणि कम्प्लायन्सवालाही. या काळात मला दिसलं की जिंकण्या-हरण्यातली माझी झोप उडणं कमी झालंय आणि कागद बरोबर लागला की जीव थंड होतो. मैदान सोडायची वेळ झाली हे तेव्हा कळलं.

मोठ्या विद्यापीठात असतो तर हे झालं नसतं. तिथं कम्प्लायन्सला वेगळी माणसं असतात, बसला वेगळी, कोर्सला वेगळी. असिस्टंट कोच व्हिडिओ कापतो आणि रिक्रूटिंगला, म्हणजे नवे खेळाडू शोधायला, फिरतो. चांगला कोच होतोही. पण दुसरं खातं कसं चालतं ते त्याला दहा वर्षं दिसत नाही. ओहायो वेस्लियनचे जे मार्टिन बघा. डिव्हिजन ३ मध्ये चाळीसहून जास्त वर्षं पुरुष संघाचे कोच, सातशेच्या वर विजय, १९९८ आणि २०११ ची राष्ट्रीय विजेतेपदं, आणि यातली बरीच वर्षं तेच कॉलेजचे ॲथलेटिक डायरेक्टरही होते. हे डिव्हिजन ३ मध्येच जमतं.

सगळ्यांनी वर सरकत राहायलाच हवं असंही नाही. कार्ला ओव्हरबेक, १९९९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाच्या कॅप्टन, ड्यूक विद्यापीठात १९९२ पासून दशकानुदशकं असिस्टंट कोच राहिल्या. विश्वविजेत्या कॅप्टनला हेड कोचची जागा कुणी दिली नसती का? मी ज्यांचा मनापासून आदर करतो अशा चार-पाच जणांत त्या आहेत.

ऑफिसातलं काम कसं असतं, याची एक रात्र. बुधवार, ऑक्टोबर, आमच्या पुरुष संघाचा सामना संध्याकाळी सातला, आणि मी त्या दिवशीचा गेम ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सामन्याच्या व्यवस्थेची जबाबदारी माझी. ८ वाजून २० मिनिटांनी वीज चमकली. सामना आम्ही १-० नं पुढे. नियम असा की शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं थांबायचं, आणि मध्ये पुन्हा चमकली तर घड्याळ पहिल्यापासून. दोन्ही संघ व्यायामशाळेत, प्रेक्षक आपापल्या गाड्यांत. घड्याळ तीनदा परत सुरू झालं. साडेनऊला मी पाहुण्यांच्या बस ड्रायव्हरला शोधायला गेलो. तो पार्किंगमध्ये सँडविच खात होता. विचारलं, कामावर कधी हजर झालात? म्हणाला, सकाळी ११. प्रवासी बसच्या ड्रायव्हरला १५ तास कामावर झाले की गाडी हाकता येत नाही, आणि त्यांचं गाव साडेतीन तासांवर. म्हणजे त्यांनी उशिरात उशिरा साडेदहाला निघायला हवं, आणि मुलांना आंघोळ, खाणं, सामान यांना पाऊण तास. ९ वाजून ५० मिनिटांनी आकाशात परत उजेड झाला. मी दोन्ही कोचना आणि पंचांना बोलावलं आणि मुलांना बसमध्ये बसवा म्हणालो. सामना निकालाविना सुटला. आमचा कोच, जो १-० नं पुढे होता, माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही. त्याच्या जागी मीही बोललो नसतो.

ज्याला असा निर्णय घेताना मैदानात उतरायची खाज सुटते, त्यानं कोचच राहावं. हे मी कुणाला हिणवायला म्हणत नाही.

मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, ती बाई आहे. टायटल नाइन हा १९७२ चा कायदा. केंद्राचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद चालणार नाही, हे त्याचं सार. त्यानं मुलींना संघ मिळाले. अमेरिकन फुटबॉलचा भला मोठा पुरुष संघ ठेवायचा तर तोल साधायला मुलींच्या जागा वाढवाव्या लागतात, आणि महिला फुटबॉलमध्ये एका फटक्यात पंचवीस-तीस जागा होतात. म्हणूनच डिव्हिजन १ मध्ये पुरुषांचे संघ दोनशेच्या थोडे वर आणि महिलांचे सव्वातीनशेच्याही पुढे. म्हणजे नोकऱ्या महिला फुटबॉलमध्ये जास्त. आता विरोधाभास बघा. १९७२ च्या सुमारास महिला संघांच्या दहांतल्या नऊ कोच बायकाच होत्या. कायदा आला, पगार आला, प्रतिष्ठा आली, आणि पुरुषांचे अर्जही आले. आज निम्म्याहून कमी महिला संघांना बाई कोच आहे. मी स्वतः त्या आकड्यातला एक पुरुष, हे विसरत नाही. तरी बायका वरपर्यंत गेल्यात. सिंडी पार्लो कोन नॉर्थ कॅरोलायनात डोरन्सकडे खेळल्या, डोक्याला झालेल्या दुखापतींमुळे २००६ मध्ये खेळणं सोडलं, तिथंच असिस्टंट झाल्या, गावातल्या मुलांच्या क्लबमध्ये काम केलं, २०१३ मध्ये पोर्टलँड थॉर्न्सला नव्या महिला लीगचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल (म्हणजे सॉकर) संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. पुरुष आणि महिला राष्ट्रीय संघांना समान मोबदल्याचा २०२२ चा करार त्यांच्याच काळातला. तुमची मुलगी म्हणते ती वाट कशी दिसते असं बाबांनी विचारलं, तर हे नाव सांगा.

दुसरी गोष्ट व्हिसा, आणि इथं मी तुम्हाला धीर देणार नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, त्यात ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा बसते. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे त्याच व्हिसावर आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी पुढची मुदतवाढ स्पोर्ट्स ॲडमिनिस्ट्रेशनला सहसा मिळत नाही. एक जमेची बाजू आहे: विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून मुक्त असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरवाल्यांसारखं नशिबावर बसावं लागत नाही. पण त्यासाठी कॉलेजनं वकिलाचा आणि अर्जाचा खर्च करायला तयार व्हायला हवं, आणि एकतीस हजारांच्या असिस्टंटसाठी किती कॉलेजं तयार होतील? माझ्या पहिल्या कॉलेजनं नकार दिला होता. दुसऱ्यानं हो म्हटलं, ते मी कम्प्लायन्स आणि रिक्रूटिंग दोन्ही करीन म्हणालो म्हणून. हे नियम वरचेवर बदलतात, २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं तेव्हा आमच्याकडे आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तिनं तिच्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ऑफिसात याच महिन्यात जाऊन बसावं, मित्रमैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर राहू नये.

डिव्हिजन १ मध्ये सध्या उलथापालथ आहे, तेही थोडक्यात. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागलीत, पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलर. यात सामील झालेल्या विद्यापीठांत फुटबॉलच्या शिष्यवृत्तीच्या जुन्या मर्यादा गेल्या आणि २८ खेळाडूंची रोस्टरची मर्यादा आली. तो पैसा जातो मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे, आणि आमच्यासारख्या खेळांचे कोच अंदाजपत्रकाच्या बैठकीला धास्तावून जातात. डिव्हिजन ३ ला याची थेट झळ नाही. नियम समजणाऱ्या माणसांना मागणी मात्र सगळीकडे वाढली आहे.

तर तिनं आत्ता काय करावं. बायोलॉजी सोडू नये, हे सगळ्यात आधी. मास्टर्सला कुठलीही पदवी चालते आणि कोचिंग नाही जमलं तर परतायला रस्ता राहतो. या उन्हाळ्यात गावातल्या एखाद्या क्लबकडे आठ-नऊ वर्षांच्या मुलींचा संघ बघावा, पण पैसे घेऊन काम करायचं असेल तर व्हिसाची परवानगी आधी तपासून. कोचिंगचं लायसन अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेच्या ग्रासरूट, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, कोर्सपासून सुरू होतं, मग डी, सी, बी, ए. ग्रासरूट आणि डी पदवीआधी होऊन जातात. आठ वर्षांच्या मुलींना पासिंग शिकवताना तीन दिवसांत तिला कळेल की हे आपलं काम आहे की नाही. मला तिसऱ्या दिवशी एकीनं बुटाची नाडी बांधायला लावली आणि दुसरी म्हणाली, तुम्हाला गोल मारता येतो का? (येत नव्हता.)

पुढच्या जानेवारीत युनायटेड सॉकर कोचेस या संघटनेचं वार्षिक अधिवेशन असेल, तिथं जमलं तर जावं. व्याख्यानांइतकंच काम तिथं हॉटेलच्या लॉबीत होतं, ग्रॅज्युएट असिस्टंटच्या निम्म्या जागा कॉफी पिता पिता ठरतात. रिझ्युमेवर किती गोल केले ते एका ओळीत, आणि संघासाठी दुसरं काय केलं ते पाच ओळींत.

त्या पाच ओळी भरायच्या कशा, तर तिनं उद्याच कोचकडे जाऊन एक गोष्ट मागावी. बहुतेक संघांचा वसंतात एखादा बाहेरगावचा सामना असतो. त्याची सगळी व्यवस्था माझ्याकडे द्या म्हणावं: बस, जेवण, खोल्या, कुठली मुलगी कुठला पेपर चुकवणार, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, किती खर्च आला आणि पावत्या कुठे आहेत. कोच आनंदानं देईल, कारण हे काम कुणालाच नको असतं. आणि बस ठरवताना ड्रायव्हर किती वाजता कामावर येणार ते आधी विचारून घे, एवढं तिला माझ्याकडून सांगा.